सळई झाकली जाण्याआधी

बांधकामावरची बहुतेक कामं नंतरही मोजता येतात. वीटकाम उभंच असतं, फरशी पायाखाली असते, गिलाव्याला वर्षभराने टेप लावली तरी माप तेवढंच भरतं. आरसीसीचं, म्हणजे आत सळई असलेल्या काँक्रीटचं, तसं नाही. स्लॅबची लांबी-रुंदी केव्हाही घ्या. पण आत कोणत्या जाडीची सळई आहे, किती अंतरावर आहे, कुठे जोडली आहे, हे काँक्रीट पडलं की डोळ्यांआड झालं. नंतर शोधायचं तर स्लॅब फोडावा लागतो, नाहीतर यंत्र फिरवून अंदाज बांधावा लागतो. अंदाजावर कोणी बिल पास करत नाही. त्यामुळे स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी साइटवर जी लगबग दिसते ती फक्त मिक्सर, वाळू आणि माणसांची नसते. कनिष्ठ अभियंता टेप घेऊन जाळीवरून वाकत वाकत फिरत असतो, ठेकेदाराचा सुपरवायझर त्याच्यामागे आकडे पुकारत असतो, आणि सेंट्रिंगवाला ‘साहेब, उरका आता’ म्हणत खाली उभा असतो. बिलाचा सर्वांत नाजूक भाग त्या तासा-दोन तासांत ठरतो.

आरसीसीचं बिल म्हणजे एका वस्तूचं बिल नव्हे. एकाच बीममध्ये तीन वेगवेगळी कामं असतात आणि ती तीन वेगळ्या एककांत मोजली जातात: काँक्रीट घनमीटरमध्ये, सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, चौरस मीटरमध्ये आणि सळई वजनाने. या तिघांचे पैसे वेगळे द्यायचे की एकात एक मिसळून, हे दरसूची ठरवते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या, पद्धतीत काँक्रीटचा दर सेंट्रिंग आणि सळई वगळून असतो. तिन्हींच्या बाबी स्वतंत्र. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत मात्र स्लॅब, बीम, कॉलम यांच्या काँक्रीटच्या दरातच सेंट्रिंग धरलेलं असतं, सळई तेवढी वेगळी आणि तीही टनावर. मुंबईत केंद्राच्या एखाद्या कामावर राबलेला सुपरवायझर जिल्ह्याच्या ठिकाणी राज्याच्या कामावर गेला आणि जुन्या सवयीने सेंट्रिंगचे चौरस मीटर मोजत बसला, तर त्याची मेहनत वाया जाते. म्हणून टेप हातात घेण्याआधी निविदेतल्या बाबीचं वर्णन शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं. ‘सळई वगळून’ आणि ‘सेंट्रिंगसह’ या दोन शब्दांत लाखांची उलाढाल असते.

बाकीचे नियम आयएस १२०० या भारतीय मानकात आहेत. त्याचे अनेक भाग आहेत. काँक्रीटकामाचा भाग दुसरा, १९७४ सालचा, सेंट्रिंगचा भाग पाचवा. ही पुस्तिका वाचायला रुक्ष आहे, पण तिच्यामागचा विचार मला फार व्यवहारी वाटतो. वस्तूचं अगदी खरंखुरं आकारमान काढण्याचा हट्ट ती धरत नाही. दोन माणसांनी एकच काम वेगवेगळं मोजलं तरी उत्तर एकच यावं, एवढंच तिला साधायचं आहे.

हे कसं साधतं ते एका छोट्या खोलीवर पाहू. चार कोपऱ्यांना चार कॉलम, प्रत्येक ०.३० बाय ०.३० मीटर. स्लॅबचं बाहेरून माप ४.३० बाय ५.३० मीटर, जाडी १२ सेंटीमीटर. चारी बाजूंना बीम, रुंदी ०.३० आणि स्लॅबच्या जाडीसकट उंची ०.४५. तळाच्या फरशीपासून स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३ मीटर.

नवशिक्या माणूस नकाशा समोर ठेवून सरळ गुणाकार करतो. स्लॅब ४.३० गुणिले ५.३० गुणिले ०.१२, म्हणजे २.७३ घनमीटर. बीम बाहेरच्या मापाने चार बाजू मिळून १९.२० मीटर, गुणिले ०.३० गुणिले ०.४५, म्हणजे २.५९. कॉलम चार, प्रत्येकी ३ मीटर उंच, म्हणजे १.०८. बेरीज ६.४१ घनमीटर. नकाशावरचा प्रत्येक आकडा बरोबर, गुणाकार बरोबर, आणि बिल सपशेल चूक. कारण कोपऱ्यातला काँक्रीटचा ठोकळा स्लॅबमध्ये मोजला, बीममध्ये मोजला आणि कॉलममध्येही मोजला. एका बाजूच्या बीमचं टोक आणि दुसऱ्या बाजूच्या बीमचं टोक कॉलमच्या डोक्यावर एकमेकांत घुसलेली, तीही दोनदा धरली.

पद्धत अशी की जोडावरचं काँक्रीट कोणातरी एकाच्याच खात्यात टाकायचं. स्लॅब पूर्ण मोजायचा, बीमवरचा आणि कॉलमवरचा भागही त्यातच. बीमची उंची स्लॅबच्या तळापासून खाली, म्हणजे इथे ०.३३. बीमची लांबी कॉलमच्या अंगापासून समोरच्या कॉलमच्या अंगापर्यंत: दोन बीम ३.७० चे, दोन ४.७० चे, एकूण १६.८० मीटर. कॉलमची उंची स्लॅबच्या तळापर्यंत, २.८८. आता हिशेब असा होतो: स्लॅब २.७३, बीम १.६६, कॉलम १.०४. एकूण ५.४३ घनमीटर. पहिल्या उत्तरापेक्षा जवळजवळ एक घनमीटर कमी. एका खोलीत जवळपास १८ टक्के नुसती हवा बिलात चढली होती. मोठ्या इमारतीत बीम लांब आणि कॉलम दूर असतात तेव्हा हे प्रमाण कमी होतं, पण तिथे घनमीटर हजारांत असतात.

काही करारांत कॉलम थोडा वेगळा धरतात, जोड बीमच्या खात्यात टाकतात. त्याने बेरीज बदलत नाही. मात्र कॉलम आणि बीमचे दर वेगळे असतील तर रक्कम बदलते. म्हणून एकदा धरलेली पद्धत पायापासून गच्चीपर्यंत तीच ठेवायची, पहिल्या मजल्यावर एक आणि तिसऱ्यावर दुसरी असं चालत नाही.

आता वजावटी. सळई काँक्रीटच्या आत जागा अडवते, मग तिचं आकारमान काँक्रीटमधून वजा करायला नको का? हा प्रश्न हुशार घरमालक हमखास विचारतात. उत्तर ‘नको’ असं आहे, आणि त्याला आकड्याचा आधार आहे. एका घनमीटरमध्ये १०० किलो सळई असेल, तर पोलादाची घनता ७८५० धरून ती जागा अडवते जेमतेम ०.०१३ घनमीटर, म्हणजे सव्वा टक्का. तेवढ्यासाठी प्रत्येक बीमची सळई काढून वजा करत बसायचं तर बिल लिहिणाऱ्याचा पगारच त्याहून जास्त होईल. ठेकेदारही दर भरताना हे गृहीत धरूनच भरतो. तसंच ०.१ चौरस मीटरपर्यंतच्या भोकांचं. स्लॅबमधून ड्रेनेजचा पाइप जायला ठेवलेली पोकळी, पंख्याच्या हुकाची पेटी, यांची वजावट होत नाही. त्याहून मोठी पोकळी, समजा जिन्याची किंवा लिफ्टची, पूर्ण वजा. काँक्रीटमधून जाणारे २५ चौरस सेंटीमीटरपर्यंत छेदाचे पाइप आणि कंड्युइटही सोडून द्यायचे. मापं सेंटीमीटरपर्यंत घ्यायची, फक्त स्लॅबची जाडी अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत, कारण जाडीतल्या अर्ध्या सेंटीमीटरला सगळ्या स्लॅबच्या क्षेत्रफळाने गुणलं जातं. आपल्या खोलीतसुद्धा जाडीत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे ०.११ घनमीटर.

जाडीवरून आठवलं. स्लॅब १२ ऐवजी १२.५ सेंटीमीटरचा पडला तर ते जास्तीचं काँक्रीट कोणाचं? ठेकेदाराचं. नकाशापेक्षा जास्त झालेलं काम बिलात धरत नाहीत. कमी झालं असेल तर जेवढं झालं तेवढंच धरतात, आणि वर ते काम स्वीकारायचं की नाही हा वेगळा प्रश्न उभा राहतो. ठेकेदारांना हा नियम एकतर्फी वाटतो. पण सेंट्रिंग सैल बांधलं, मधे झोळ पडला आणि त्या झोळात काँक्रीट भरलं, तर त्याचे पैसे मालकाने का द्यावेत? रेडीमिक्स आल्यापासून हा वाद वाढला आहे. गाडीबरोबर चलन येतं, त्यावर ६ घनमीटर लिहिलेलं असतं, तीन गाड्या आल्या म्हणजे १८ झाले असं ठेकेदार धरतो. बिल मात्र चलनावर होत नाही, साच्याच्या मापावर होतं. पंपाच्या पाइपात राहिलेलं, सांडलेलं, शेवटच्या गाडीत उरून परत गेलेलं काँक्रीट हे त्याच्या दरात यायला हवं.

पायाच्या फुटिंगमध्ये मात्र भूमितीच माणसाला फसवते. उतरती फुटिंग असते, खाली चौरस मोठा, वर कॉलमएवढा लहान, मधे चारी बाजूंनी उतार. पुष्कळ ठिकाणी वरचं आणि खालचं क्षेत्रफळ घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि उंचीने गुणतात. खालचा तळ १.५० बाय १.५०, वरचा ०.४५ बाय ०.४५, उताराची उंची ०.३० असेल तर या पद्धतीने ०.३६८ घनमीटर येतं. खरं सूत्र दोन क्षेत्रफळांबरोबर त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळही मिळवतं आणि उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याने गुणतं, त्याने ०.३१३ येतं. एका फुटिंगमागे ०.०५५ घनमीटरचा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं. २४ फुटिंगांना तो १.३२ घनमीटर होतो, आणि तो दरवेळी ठेकेदाराच्याच बाजूने पडतो. जिन्यातही अशीच एक जागा आहे. पायऱ्यांचे त्रिकोण मोजताना पायरीची रुंदी गुणिले उंची करतात आणि अर्ध्याने गुणायचं राहून जातं. २५ सेंटीमीटर रुंद, १६ सेंटीमीटर उंच, एक मीटर लांब पायरीचा त्रिकोण ०.०२ घनमीटरचा, अर्धं विसरलं की दुप्पट. तपासणारा जुना असेल तर बिल हातात आल्यावर आधी फुटिंग आणि जिना ही दोनच पानं उघडतो.

सेंट्रिंग मोजणं तुलनेने सोपं. काँक्रीटला साचा जिथे जिथे टेकतो तेवढाच पृष्ठभाग मोजायचा. खालचे टेकू, जॅक, बल्ल्या, फळ्या यांचं वेगळं माप नाही, ते दरातच. आपल्या खोलीत स्लॅबचा तळ, बीमचे तळ आणि दोन्ही बाजू, स्लॅबची कड, कॉलमच्या चारी बाजू असं सगळं मिळून ४९.६५ चौरस मीटर भरतं. म्हणजे ५.४३ घनमीटर काँक्रीटसाठी जवळपास ५० चौरस मीटर साचा, घनमीटरमागे नऊ. पातळ कामात हे प्रमाण आणखी चढतं: साडेसात सेंटीमीटर जाडीच्या उभ्या पार्डीला एका घनमीटरमागे साडेसव्वीस चौरस मीटरहून जास्त साचा लागतो. पार्डी आणि छज्ज्याचे दर स्लॅबपेक्षा एवढे जास्त का, हे यातून कळतं. इथेही एक सवलत आहे. दुय्यम बीम मुख्य बीमला जिथे मिळतो तिथे मुख्य बीमच्या साच्यातून ती जागा वजा करत नाहीत, आणि कॉलमला बीम मिळतो तिथेही नाही. ०.४ चौरस मीटरपर्यंतची पोकळीही सोडून देतात. कारण उघड आहे: तिथे साचा कमी लागत नाही, उलट सुताराला फळी कापून खाच पाडावी लागते.

सळईकडे वळल्यावर मात्र माप आणि वजन यांत फरक पडतो, आणि सगळे खरे वाद तिथे आहेत.

सळई तोलून विकत घेतली जाते. बिल मात्र काट्यावर तोलून होत नाही. जागेवर बसवलेल्या सळईची लांबी मोजायची, ती जाडीनुसार वेगळी करायची आणि प्रत्येक जाडीच्या ठरलेल्या दर मीटर वजनाने गुणायचं. ८ मिलिमीटरला ०.३९५ किलो, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८८, १६ ला १.५८, २० ला २.४७, २५ ला ३.८५. हे आकडे साइटवर कोणी पाठ करत नाही. व्यासाचा वर्ग भागिले १६२, एवढं सूत्र पुरतं. हा १६२ कुठून आला हे पुष्कळांना माहीत नसतं. १ मिलिमीटर व्यासाच्या, १ मीटर लांब तारेचं आकारमान ०.७८५४ घनसेंटीमीटर. पोलाद एका घनसेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम. गुणाकार ६.१६५ ग्रॅम. किलोत न्यायचं म्हणून १००० ला ६.१६५ ने भागलं की १६२ येतं. व्यास वाढला की वजन वर्गाने वाढतं, म्हणून १० मिलिमीटरच्या दुप्पट जाड असलेली २० मिलिमीटरची सळई चौपट जड.

आता लांबी. स्लॅबच्या जाळीत आखूड बाजूची, म्हणजे मेन सळई १० मिलिमीटरची, १५ सेंटीमीटर अंतराने टाकायची असं नकाशात लिहिलं आहे. दोन्ही कडांना २ सेंटीमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, सोडलं की ५.३० मधून उरलं ५.२६. त्याला ०.१५ ने भागलं की ३५.०७. मग सळया किती? ३५ म्हटलं तर चूक, ३६ म्हटलं तरी चूक. अंतर १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही म्हणून गाळे ३६ धरायचे. आणि मांडवाला जितके गाळे तितकेच खांब पुरत नाहीत, शेवटचा एक लागतोच, तशी इथेही एक सळई जास्त. म्हणजे ३७. प्रत्येकीची लांबी ४.२६ मीटर, एकूण १५७.६२ मीटर, वजन ९७.२५ किलो. हे गणित नकाशावरचं. बिलात मात्र साइटवर प्रत्यक्ष मोजलेल्या सळया येतात. फिटरने घाईत ३५ च टाकल्या असतील तर ३५ च, आणि त्यावर स्लॅब भरायला परवानगी नाही. ३९ टाकल्या असतील तरी नकाशाप्रमाणे ३७.

रिंगा मोजणं हा तर एक स्वतंत्र अभ्यास आहे. आपल्या ०.३० बाय ०.३० कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर आहे, रिंग ८ मिलिमीटरची. रिंगेची बाहेरची बाजू २२० मिलिमीटर, चार बाजू ८८०. दोन हुक, प्रत्येकी १० व्यास, म्हणजे १६० मिळवायचे. मग सळई वाकताना ती थोडी ताणते, म्हणून वाकांपोटी वजावट: ९० अंशाच्या तीन वाकांना दोन-दोन व्यास, १३५ अंशाच्या दोन वाकांना तीन-तीन व्यास, म्हणजे ४८ अधिक ४८, ९६ मिलिमीटर. रिंगेची कापायची लांबी ९४४ मिलिमीटर. पूर्वी या वजावटीकडे कोणी फारसं लक्ष देत नसे, १.०४ मीटर धरून मोकळे होत. एका रिंगेत ३८ ग्रॅमचा फरक. १०,००० रिंगांच्या इमारतीत तो ३८० किलोच्या घरात जातो. हल्ली बहुतेक मोठ्या साइटवर बार बेंडिंग शेड्यूल आधीच तयार असतं, संगणकावर, प्रत्येक सळईच्या आकाराची आकृती, कापायची लांबी आणि नग यांसह. फिटर त्याबरहुकूम कापतो, अभियंता त्याबरहुकूम तपासतो आणि बिलही त्यावरच चढतं. वाद कमी झाले आहेत याचं श्रेय मी त्या शेड्यूललाच देईन.

तरी लॅप उरतोच. सळई कारखान्यातून साधारण १२ मीटर लांबीची येते, इमारत त्याहून लांब-उंच असते, मग एक सळई संपून दुसरी सुरू होते तिथे दोन्ही काही अंतर जवळजवळ ठेवून बांधाव्या लागतात. १६ मिलिमीटरच्या कॉलमच्या सळईला व्यासाच्या ५० पट लॅप धरला तर ८० सेंटीमीटर, म्हणजे सव्वा किलो सळई नुसती जोडासाठी. नकाशात दाखवलेला किंवा अभियंत्याने मान्य केलेला लॅप बिलात येतो. पण साइटवर तुकडे उरलेले असतात, तीन-साडेतीन मीटरचे. ते भंगारात देण्यापेक्षा बीममध्ये दोन-तीन तुकडे जोडून वापरायचा मोह होतो. हे जास्तीचे लॅप बिलात मिळत नाहीत, आणि ते चुकीच्या जागी असतील तर सळई काढायला लावतात. सळया बांधायची बाइंडिंग वायर मोजत नाहीत, तिची किंमत दरात. कापताना वाया गेलेले तुकडेही मोजत नाहीत. वरची जाळी उचलून धरणाऱ्या चेअर आणि स्पेसर सळया मान्य केलेल्या असतील तर मिळतात. म्हणून ठेकेदाराने त्या आधी लेखी मंजूर करून घ्याव्यात. स्लॅब भरल्यावर ‘चेअर टाकल्या होत्या’ हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही उरत नाही.

आणि शेवटी वजनाचा खरा तिढा. रोलिंग मिलमधून निघणारी सळई नेमकी ठरलेल्या वजनाची नसते. आयएस १७८६ मध्ये तिला सूट दिलेली आहे: एका खेपेच्या मालाला १० मिलिमीटरपर्यंत अधिक-उणे ७ टक्के, त्यापुढे १६ पर्यंत ५ टक्के, त्याहून जाड सळईला ३ टक्के. आता पाहा. ठेकेदाराने १२ मिलिमीटरची सळई काट्यावर तोलून घेतली. ती मीटरला ०.८८८ ऐवजी ०.८६० भरते, म्हणजे ३ टक्क्यांहून थोडी हलकी, पण सुटीच्या आत. लांबीवर बिल झालं की ०.८८८ च्या हिशेबाने पैसे मिळणार. ५० टनांवर दीड टनाहून जास्त लोखंड न विकत घेता विकल्यासारखं. म्हणून सीपीडब्ल्यूडीच्या पद्धतीत प्रत्येक खेपेचे नमुने तोलतात. वजन कमी भरलं तर प्रत्यक्ष वजनाने पैसे, जास्त भरलं तर ठरलेल्या वजनाने. ठेकेदार याला ‘चित भी मेरी’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तरीही हलकी सळई म्हणजे इमारतीत पोलादही कमी, हे लक्षात घेतलं तर नियम एवढा कडक का, ते समजतं.

हे सगळं जिथे लिहिलं जातं ती मोजमाप पुस्तिका, सगळ्यांच्या तोंडी एमबी. सरकारी कामात तिच्याइतका मान दुसऱ्या कोणत्याच वहीला नाही. पानांवर छापील क्रमांक असतात, पान फाडता येत नाही. नोंद साइटवर, जागेवर करायची. कामाचा तपशील, नग, लांबी, रुंदी, उंची किंवा खोली आणि परिमाण असे रकाने. चुकलं तर खोडायचं नाही, पुसायचं नाही, आडवी रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहून सही आणि तारीख घालायची. कनिष्ठ अभियंत्याने घेतलेल्या मापांपैकी काही वरिष्ठांनी स्वतः जाऊन पडताळायची आणि तशी नोंद करायची. ठेकेदार किंवा त्याचा माणूस खाली ‘मोजमाप मान्य’ म्हणून सही करतो. मग बाबीनिहाय गोषवारा, गोषवाऱ्यावरून बिल, आणि बिल निघालं की त्या पानांवर तिरप्या रेघा, म्हणजे तीच मापं दुसऱ्या बिलात पुन्हा येऊ नयेत. आता अनेक ठिकाणी एमबी संगणकावर आली आहे. टेप आणि जाळी तीच आहेत, रेघा तेवढ्या गेल्या. झाकल्या जाणाऱ्या कामाच्या नोंदीला जोड म्हणून फोटो घेण्याची पद्धत रुळली आहे, आणि ती मला जुन्या सगळ्या शिक्क्यांपेक्षा उपयोगी वाटते: जाळीवर टेप पसरलेली, शेजारी पाटीवर तारीख आणि स्लॅबचा क्रमांक, सळयांची संख्या फोटोतच मोजून घ्या.

खाजगी घरबांधणीत यातलं फारसं कोणी करत नाही. तिथे लेबर कॉन्ट्रॅक्टरशी स्लॅबच्या चौरस फुटावर ठरतं, माल मालकाचा. आपल्या खोलीचा स्लॅब बाहेरून मोजला तर २४५ चौरस फूट, आतून भिंतीच्या कडेपासून मोजला तर १८७. मजुरीचा दर कोणत्या मापावर, छज्जा पूर्ण धरायचा की अर्धा, जिन्याचा उतार मोजायचा की त्याची सावली, हे आधी कागदावर आलं नाही तर स्लॅब झाल्यावर ५८ चौरस फुटांचं भांडण ठरलेलं. खडी-वाळू अजूनही ब्रासवर येते. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर, आपल्या खोलीचं सगळं काँक्रीट दोन ब्रासच्याही आत भरतं. मालकाने निदान एवढं करावं: सळई आली की प्रत्येक जाडीचा एक मीटर तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावा, आणि स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मोबाइलमध्ये जाळीचे फोटो काढून ठेवावेत.

अंतिम बिलाच्या वेळी तपासणारा वेगळ्याच बाजूने शिरतो. तो घनमीटर पुन्हा मोजत नाही, गोदामाची नोंदवही मागतो. एम २० चं नॉमिनल काँक्रीट, एकास दीडास तीन या प्रमाणाचं, घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट खातं. डिझाइन मिक्स असेल तर त्याच्या कागदावर सिमेंटचा नेमका आकडा असतो. ५.४३ घनमीटरला ४३-४४ पोती. नोंदवहीत ३० च गेलेली असतील तर एकतर काँक्रीट कच्चं आहे किंवा बिल फुगलेलं आहे. ५५ गेली असतील तर सिमेंट दुसरीकडे गेलं आहे. सळईचंही तसंच: खरेदीच्या पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या, शिल्लक तुकड्यांचं वजन आणि एमबीमधली बेरीज शेजारी मांडतात. चार आकडे एकमेकांच्या जवळपास बसले की सही होते. नाही बसले तर एमबीचं ते पान उघडून, त्या दिवशी टेप कोणी धरली होती आणि आकडे कोणी लिहिले, त्या दोघांना बोलावणं जातं.